रात्रीची वीज कुणाला स्वस्त?

वीजबिलाचे गणित आपण सर्वांनी शाळेत केलेले आहे. साठ वॉटचे चार दिवे रोज पाच तास, एक पंखा दहा तास, इस्त्री अर्धा तास. तीस दिवसांची युनिटे काढा, दराने गुणा आणि उत्तराखाली दोन रेघा ओढा. गणित चांगले आहे. वॉट, तास आणि किलोवॉट-तास यांचा संबंध त्यातून मुलांच्या हाताला लागतो. पण त्यातला दर हा एक मुका आकडा असतो. दिवा किती तास लावला हे गणित विचारते, केव्हा लावला हे विचारत नाही.

हा 'केव्हा' आता आपल्याकडेही येऊन ठेपला आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार वेगळा दर लावण्याची तरतूद केली. शेती वगळता इतर सर्व ग्राहकांसाठी तिची मुदत १ एप्रिल २०२५ ही ठरवली होती, आणि घरात स्मार्ट मीटर बसणे ही पूर्वअट होती. कोणत्या राज्यात ती किती अमलात आली हा वेगळा विषय आहे. मला येथे लिहायचे आहे ते अशा दरांची तुलना ज्या पद्धतीने केली जाते तिच्याविषयी. ती पद्धत सदोष आहे असे माझे मत आहे, आणि तो दोष आठवीच्या बीजगणिताने दाखवता येतो.

या बाबतीत ब्रिटनचा अनुभव सर्वांत बोलका आहे. तेथे ऑक्टोबर १९७८ मध्ये 'इकॉनॉमी सेव्हन' नावाची दरपद्धती सुरू झाली. रात्रीचे सात तास वीज स्वस्त, उरलेले सतरा तास महाग. कारण उघड होते. कोळशाच्या केंद्राचा बॉयलर रोज रात्री थंड करून सकाळी पुन्हा तापवणे परवडत नाही, अणुकेंद्राची क्षमता तर सहसा खालीवर केली जात नाही. मध्यरात्रीनंतर मागणी घटते, पण जनित्रे फिरतच असतात. मग ती वीज कमी भावात विकावी आणि तिने लोकांच्या घरातल्या विटा तापवाव्यात, अशी ही कल्पना. विटा हा शब्द अलंकारिक नाही. 'स्टोरेज हीटर' म्हणजे जाड उष्णतारोधक आवरणात बसवलेल्या जड विटाच; रात्री त्या तापतात आणि दिवसभर सावकाश उष्णता सोडतात. ज्या घरांत गॅसची नळी पोहोचलेली नाही तेथे, म्हणजे बहुधा लहान सदनिकांत आणि भाड्याच्या घरांत, ही व्यवस्था जास्त आढळते.

पुढे १९९० मध्ये तेथील वीजव्यवसायाचे खासगीकरण झाले, आणि १९९८-९९ मध्ये घरगुती ग्राहकाला पुरवठादार कंपनी निवडण्याची मुभा टप्प्याटप्प्याने मिळाली. तेव्हापासून तेथील ग्राहकाच्या टपालात एक पत्र नियमाने येऊ लागले : अमुक तारखेपासून आमचे दर बदलत आहेत.

असे एक पत्र मलाही आले होते. २०१८ ते २०२० या काळात मी संशोधनासाठी उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात होतो. भाड्याच्या घरात दोन आकडेपट्ट्यांचा मीटर होता, एक 'लो'ची आणि एक 'नॉर्मल'ची. माझ्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्यांच्याकडेही तसाच मीटर होता आणि तीच कंपनी होती. पत्र घेऊन त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही शास्त्रज्ञ आहात ना, मग सांगा, मी काय करू?" मला लगेच सांगता आले नाही. मी त्यांना चहा दिला आणि कागद-पेन्सिल काढली.

पत्रातले खरे आकडे अडनिडे होते. येथे हिशेबाला सोपे असे कल्पित आकडे घेऊ. समजा, दिवसाचा दर युनिटला ३० पेन्सांवरून ३४ झाला आणि रात्रीचा १५ वरून २१ झाला. ज्यांचा मीटर साधा, एकाच दराचा, त्यांचा दर २५ वरून २८ झाला. प्रश्न असा की ही वाढ किती टक्के?

दिवसाच्या दरातली वाढ १३ टक्के आणि रात्रीच्या दरातली ४० टक्के. दोन्हींची सरासरी काढली तर सुमारे २७ टक्के येते. पण आधी दरांची सरासरी काढून मग वाढ मोजली, तर २२.५ चे २७.५ झाले म्हणजे २२ टक्के. दोन्ही उत्तरांवर 'सरासरी वाढ' असे लिहिता येते, आणि दोन्ही कुणाच्याच बिलात उतरत नाहीत. शिक्षकांना हा चुकीचा प्रकार ओळखीचा असेल. जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर सरासरी ५० असे मुले बेधडक लिहितात. किती वेळ कोणत्या वेगाने गेलो हे विचारायचे राहते. येथेही किती युनिटे कोणत्या दराने घेतली हे विचारायचे राहिले आहे.

ते विचारू. एकूण वापरापैकी रात्रीच्या वेळेत पडणारा हिस्सा 'व' मानू. दिवसाचा दर 'दि' आणि रात्रीचा 'रा' असेल, तर ग्राहकाला प्रत्यक्षात पडणारा दर होतो :

प्रत्यक्ष दर = दि − (दि − रा) × व

ही सरळ रेषा आहे. आडव्या अक्षावर व घ्यावा, शून्यापासून एकापर्यंत. उभ्या अक्षावर दर घ्यावा. रेषा डावीकडे दिवसाच्या दरापासून निघते आणि उजवीकडे रात्रीच्या दरापाशी संपते. एकाच दराची योजना म्हणजे आडवी रेषा. दोन रेषा जेथे छेदतात तेथे दोन्ही योजना सारख्या. जुन्या दरांत ३० − १५व = २५, म्हणून व = १/३. नव्या दरांत ३४ − १३व = २८, म्हणून व = ६/१३, म्हणजे सुमारे ४६ टक्के.

मला या छेदबिंदूच्या सरकण्यात सगळे मर्म दिसते. तेथील ग्राहक-मार्गदर्शनात एक ठोकताळा फार वर्षे फिरत आला आहे : रात्रीचा वापर ४० टक्क्यांहून अधिक असेल तर दोन दर फायद्याचे, कमी असेल तर नाही. ठोकताळा लक्षात ठेवायला सोपा आहे, पण त्यात दरांचा उल्लेखच नाही. आपल्या उदाहरणात ४० टक्केवाल्या ग्राहकाला आधी युनिट २४ पेन्सांना पडत होते, म्हणजे २५ पेक्षा स्वस्त. पत्र आल्यावर ते २८.८ ला पडू लागले, म्हणजे २८ पेक्षा महाग. वर्षाला ४,००० युनिटे वापरणारे घर ४० पौंडांच्या फायद्यातून ३२ पौंडांच्या तोट्यात गेले, आणि ठोकताळा जागचा हलला नाही. ३३ ते ४६ टक्के या पट्ट्यातल्या प्रत्येकाची बाजू त्या पत्राने बदलली; पत्रात मात्र असे काही लिहिलेले नसते.

आता आम्ही दोघे. मी दिवसभर प्रयोगशाळेत असलो तरी स्वयंपाक, अंघोळ, संगणक सगळे संध्याकाळी. माझा रात्रीचा वाटा चतुर्थांश. बाईंच्या घरी तीन स्टोरेज हीटर, पाण्याची टाकी रात्री तापणारी. त्यांचा वाटा ७० टक्के. सूत्रात घातले की माझा दर २६.२५ वरून ३०.७५ होतो, वाढ १७ टक्के. बाईंचा १९.५ वरून २४.९ होतो, वाढ २८ टक्के. पत्र एकच, पाकीट एकच, तारीखही एकच. मी तेव्हाच्या तेव्हा एक दराच्या योजनेत जायला हवे होते (खरे तर आधीही, ते मी कधी तपासलेच नव्हते). बाईंची वाढ माझ्यापेक्षा कितीतरी अधिक, पण त्यांनी एक दराकडे वळणे म्हणजे २४.९ सोडून २८ देणे. सर्वांत जास्त वाढ जिला झाली तिलाच ती योजना सोडता येत नाही, हे मुलांना आलेखावरून ताबडतोब दिसते, शब्दांत पटवायला वेळ लागतो.

मग दुसरी कंपनी? येथे तुलनेचा दुसरा दोष येतो, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. तेथील 'ऑफजेम' ही नियामक संस्था जानेवारी २०१९ पासून घरगुती दरांना कमाल मर्यादा घालून देते. दोन दरांच्या ग्राहकांसाठी हिशेब करताना एक नमुना ग्राहक धरावा लागतो. त्याच्या रात्रीच्या वाट्यासाठी ४२ टक्के हा आकडा वापरला गेला. या नमुना ग्राहकाचे एकूण बिल मर्यादेत बसले की झाले. दिवसाचा दर किती आणि रात्रीचा किती ही विभागणी कंपनीवर सोडलेली होती.

समजा, एका कंपनीचे दर आपले वरचेच, ३४ आणि २१. दुसरीचे ३८.२ आणि १५.२. व = ०.४२ घालून पाहा : दोन्हींचे उत्तर २८.५४ येते, शेवटच्या दशांशापर्यंत. तुलनेच्या तक्त्यात या दोन कंपन्या शेजारी शेजारी, समान म्हणून छापल्या जातील. आलेखात मात्र एक पट्टी ४२ टक्क्यांच्या खिळ्यावर टांगून तिरकी केल्यासारखे दिसते. खिळा जागीच असतो, टोके वर-खाली होतात. २० टक्केवाल्याला पहिल्या कंपनीचे युनिट ३१.४ ला पडेल आणि दुसरीचे ३३.६ ला, ४,००० युनिटांवर वर्षाला ८८ पौंडांचा फरक. बाईंच्या ७० टक्क्यांना पहिली कंपनी २४.९ ला, दुसरी २२.१ ला, फरक ११२ पौंडांचा, आणि तोही उलट बाजूने. ज्याच्यासाठी दोन्ही सारख्या आहेत तो ४२ टक्केवाला ग्राहक आमच्या जिन्यावर तरी कुठे राहत नव्हता.

नियामकाने नमुना ग्राहक धरू नये असे मी म्हणत नाही. हजारो दरपत्रकांची तुलना करायची तर कुठेतरी खिळा ठोकावाच लागतो. माझी तक्रार तो आकडा नागरिकापुढे 'तुमचे सरासरी बिल' म्हणून ठेवण्याविषयी आहे. तक्त्यात एक आकडा छापण्याऐवजी तीन छापले असते, रात्रीचा वाटा २०, ४२ आणि ७० टक्के असताना, तरी बहुतेकांची फसगत टळली असती. त्याला खर्च काही नाही.

स्थिर आकाराचेही थोडे सांगितले पाहिजे. दोन दरांच्या योजनेत तो रोज ५ पेन्स जास्त असेल तर वर्षाला १८ पौंड २५ पेन्स होतात. ४,००० युनिटे वापरणाऱ्याला हे युनिटमागे अर्ध्या पेन्सहून कमी, पण १,५०० वापरणाऱ्याला सव्वा पेन्सच्या आसपास. म्हणजे छेदबिंदू केवळ दरांवर नव्हे, एकूण वापरावरही सरकतो. लहान घराचे गणित येथे बिघडते.

आतापर्यंत आपण युनिटाला युनिट समान धरले. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हीच या तुलनेतली सर्वांत मोठी ढिलाई आहे. रात्री तीन वाजता साठवलेली उष्णता संध्याकाळी सातला हवी असते. मधल्या सोळा तासांत तिच्यातली काही नको त्या वेळी झिरपून जाते. आवरण कितीही चांगले असले तरी तापमानात फरक आहे तोवर उष्णता वाहणारच. समजा पाचवा हिस्सा असा वाया गेला. मग २१ पेन्सांच्या युनिटातून कामाचे ०.८ युनिटच मिळाले, म्हणजे कामाच्या युनिटाचा भाव २१ ÷ ०.८ = २६.२५. साध्या दराच्या २८ शी त्याची तुलना केली तर सात पेन्सांची बचत दोनाच्या खाली येते. जुन्या दरात हाच भाव १८.७५ होता आणि २५ पासून बराच दूर होता. दर सहा पेन्सांनी वाढला, पण गळतीमुळे घाव साडेसात पेन्सांचा बसला. बाईंचे हीटर जुने होते आणि संध्याकाळी कोमट व्हायचे. मग त्या भिंतीला लावायचा छोटा हीटर सुरू करत, दिवसाच्या दराने. दरपत्रकाला हे कळत नाही. त्यांच्या ७० टक्क्यांतले किती टक्के खरोखर ऊब देत होते हे मला मोजता आले नाही. थर्मामीटर लावून पाहायला हवे होते.

घड्याळाची एक गंमत माझ्या अंगावर शेकली. आमच्या भागात स्वस्त तास मध्यरात्री साडेबारा ते सकाळी साडेसात होते. मी धुण्याचे यंत्र साडेबारानंतर सुरू होईल असे लावून झोपत असे. मार्चअखेर ब्रिटनमधली घड्याळे एक तास पुढे जातात. मीटरातले घड्याळ मात्र वर्षभर ग्रिनिचच्या वेळेवरच चालत होते. अशा मीटरांत ते सर्रास आढळते. त्यामुळे भिंतीवर साडेबारा वाजले तेव्हा मीटरात साडेअकराच झालेले असत, आणि यंत्राचा पाणी तापवण्याचा, म्हणजे सर्वांत खर्चिक, पहिला तास मी महाग दराने पुरा करत होतो. एप्रिल गेला, मे गेला, तेव्हा लक्षात आले. प्रमाणवेळ आणि स्थानिक वेळ वर्गात शिकवताना आता मी हे उदाहरण देतो.

आणखी एक. दरबदल बिलाच्या मुदतीच्या मध्यावर होतो. त्या दिवशी मीटर वाचलेला नसेल तर कंपनी अंदाजाने युनिटांची वाटणी करते, इतकी जुन्या दराने आणि इतकी नव्या. दर हिवाळ्याच्या तोंडाशी बदलला, तर ही वाटणी चुकण्याची शक्यता मोठी. वाटणी नुसती दिवसांच्या प्रमाणात केली तर ऑक्टोबरचा थंडावा सप्टेंबरलाही चिकटतो. बदलाच्या दिवशी दोन्ही पट्ट्यांचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणे हा साधा उपाय आहे. बाईंनी तो माझ्या आधीच सुरू केला होता.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. 'रात्रीची वीज' म्हटले की महाराष्ट्राच्या खेड्यात स्वस्ताई आठवत नाही, आठवतो तो अंधारात बांधावरून चालणारा, विंचू-सापाला भिणारा शेतकरी. त्याच्या पंपाला पाळीने येणारी वीज रात्री आली की रात्रीच जावे लागते. कारखान्यांचे वेगळे. येथे मोठ्या उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे दीड रुपयाची सूट अनेक वर्षे होती, आणि तिच्यामागचे कारण इकॉनॉमी सेव्हनचेच. सौरऊर्जा वाढली तशी स्वस्त वेळ दुपारकडे सरकली. २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतला दर साध्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असायचा, आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत तो वाढायचा : उद्योग-व्यापारासाठी किमान १.२ पट, इतरांसाठी किमान १.१ पट. सूत्र बदलत नाही. फक्त 'व' चा अर्थ 'दुपारी वापरलेला हिस्सा' असा होतो आणि संध्याकाळसाठी तिसरे पद जोडावे लागते.

पण व बदलणे कुणाच्या हातात आहे? ज्या घरात दोघेही नोकरीला जातात ते घर दहा ते सहा कुलूपबंद असते. सकाळी गीझर आणि मिक्सर, संध्याकाळी दिवे, दूरदर्शन आणि एखादा वातानुकूलक. पाण्याचा पंप आणि धुण्याचे यंत्र सोडले तर दुपारी ढकलण्याजोगे तेथे फारसे नाही. दुपारी शिलाई यंत्र चालवणारी बाई किंवा घरी असलेले आजी-आजोबा यांना लाभ अधिक. गिरणीवाल्याचे गिऱ्हाईक संध्याकाळी येते, त्याला तोटा.

शिवाय आपल्या बिलात टप्पे आहेत. महाराष्ट्रात घरगुती वापराचे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आपण बिलाच्या मागे पाहतो. दरावर वेळेची सूट पैशांत दिली तर ती प्रत्येक टप्प्यात सारखी. टक्क्यांत दिली तर वरच्या टप्प्यातल्या, म्हणजे जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकाला त्याच तासाच्या युनिटावर जास्त रुपये सुटतात. रेषा मग सरळ राहत नाही, कोपऱ्याकोपऱ्यांनी मोडते, आणि प्रत्येक कोपऱ्याशी तुलना नव्याने करावी लागते. नववी-दहावीच्या मुलांना हा आलेख काढायला द्यावा; मला स्वतःला पहिल्या वेळी तो चुकला होता.

त्यासाठी स्मार्ट मीटर असलाच पाहिजे असे नाही. मुलांनी आठवडाभर सकाळी नऊ, संध्याकाळी पाच आणि रात्री दहा वाजता घरच्या मीटरचा आकडा वहीत लिहावा. तीन वजाबाक्या केल्या की प्रत्येकाचा 'व' हातात येतो. चाळीस मुलांचे चाळीस व फळ्यावर एका रेषेवर टिंबांनी मांडावेत, आणि वर्गाची सरासरी ज्या जागी पडते तेथे किती घरे आहेत ते मोजावे. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी हा प्रयोग केला तेव्हा त्या जागेजवळ दोनच टिंबे होती. त्यांपैकी एक घर त्या आठवड्यात लग्नासाठी परगावी गेलेले होते.